कंपन्यांचं जमत नाही

कुठल्याही कंपनीचं वायफाय कार्ड असो नि कुठल्याही कंपनीचा राउटर, ती दोघांचं जमवून द्यायचीच. बारा वर्षं हेच काम. ऑफिसात तिला सगळे 'मध्यस्थबाई' म्हणत. आणि या मध्यस्थबाईंनी थाप मारली ती नेमकी स्वतःच्या वडिलांना.

झालं असं, की तिनं बाबांकडे नवा राउटर बसवला आणि त्यांचा जुना लॅपटॉप काही केल्या त्याला जोडला जाईना. तिला निघायची घाई होती. "बाबा, लॅपटॉपमधलं कार्ड एका कंपनीचं, राउटर दुसऱ्या कंपनीचा. नाही जमत त्यांचं," असं ठोकून देऊन तिनं चपला पायात सरकवल्या. बाबांनी मान डोलावली.

त्या लॅपटॉपवर बाबा रोज दुपारी त्यांच्या जुन्या सहकाऱ्याशी बुद्धिबळ खेळत. त्या काकांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. चाल खेळायची, खाली दोन ओळी लिहून एकमेकांची खेचायची, एवढंच त्या दोघांचं बोलणं उरलं होतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी 'पुढच्या रविवारी बघू' करत तिनं तीन रविवार घालवले.

चौथ्या रविवारी ती आली, तर टेबलावर काकांचं पत्र. 'मागच्या वेळी तुझा वजीर खाल्ला म्हणून रागावलास का? डाव तसाच ठेवलाय.'

पत्र वाचून ती तशीच लॅपटॉपपाशी बसली. राउटरमध्ये तिनं फक्त नव्या पद्धतीची सुरक्षा चालू ठेवली होती, ती जुन्या कार्डाला कळत नव्हती. जुनी-नवी दोन्ही चालतील असं केलं आणि लॅपटॉप मुकाट्यानं जोडला गेला. दोन मिनिटं लागली.

"बाबा, कंपन्यांचं काही नव्हतं. मला घाई होती, म्हणून मी खोटं बोलले."

"माहीत आहे," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

"कधीपासून?"

"दुसऱ्याच दिवशी लॅपटॉप कोपऱ्यावरच्या दुकानात नेला होता. दुकानदार म्हणाला, कार्ड ठणठणीत आहे, घरी येऊन राउटरची एक सेटिंग बदलून देतो. मी नको म्हटलं."

"पण का?"

"माझी मुलगी यातली तज्ज्ञ आहे, असं त्याला ऐटीत सांगून बसलो होतो ना. त्यानं येऊन केलं असतं तर तू खोटी पडली असतीस. म्हटलं, सवड झाली की करेल तीच."

तिला त्यांच्याकडे बघवेना. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पडद्यावर काकांचे निरोप एकामागून एक उतरत होते, चांगले एकवीस. बाबा खुर्ची ओढून बसले आणि एका बोटानं उत्तर लिहू लागले. तिनं त्यांच्या खांद्यावरून वाचलं.

'रागावलो नव्हतो रे. कार्ड आणि राउटर वेगळ्या कंपन्यांचे, त्यांचं जमत नव्हतं. मुलीनं आज खास वेळ काढून जमवून दिलं.'

"बाबा, हे नका लिहू," ती म्हणाली. तोवर त्यांनी ते पाठवून टाकलं होतं.