तळ्याकाठचा माणूस

चौसष्ट सालच्या जूनमध्ये खैरुद्दीन मादागास्करहून दुबईला परतला, तेव्हा आईचं पत्र त्याची वाट बघत पडलं होतं. हलिमाशी तुझा निकाह पावसाळ्यानंतर करायचं ठरलं आहे, काझींनाही विचारलं आहे, सुट्टी काढून ये, असं आईनं मास्तरांकडून लिहून घेतलं होतं.

हलिमा त्याची भावजय. थोरला भाऊ हनीफ लग्नानंतर दोनच महिन्यांत आफ्रिकेकडं निघालेल्या गलबतावर चढला आणि ते गलबत कुठल्याच बंदराला लागलं नाही. त्याला दहा वर्षं होऊन गेली होती आणि तो मयत समजावा असा निकाल काझींनी दिला होता. हलिमा तेव्हापासून हर्णैला सासरीच होती.

महिन्याभरापूर्वी हे पत्र आलं असतं तर खैरुद्दीन मनातून हरखला असता. आता त्याला ते खिशातही ठेववेना आणि टाकवेना. तो उठला आणि खोरच्या, म्हणजे तिथल्या खाडीच्या, काठानं मरियमबीकडं गेला. मरियमबी रत्नागिरीची. नवऱ्याबरोबर दुबईत राहून ती कोकणातल्या बिऱ्हाडाविना राहणाऱ्या पंधरा-वीस जणांना जेवू घालायची. तिनं त्याच्यापुढं भात वाढला आणि काय झालं ते विचारलं.

खैरुद्दीन एका अत्तरवाल्या शेठकडं कामाला होता. शेठनं त्याला मादागास्करलगतच्या नोसी बे नावाच्या बेटावर फुलांचं तेल आणायला धाडलं होतं. तिथल्या बोहरी दुकानदारानं सौदा झाल्यावर, इथवर आलास तर तळी बघून जा, म्हणून त्याला डोंगरावर नेलं. वाट जंगलातून होती. झाडं इतकी दाट, की भर दुपारी खाली संधिप्रकाश होता, पाऊस थांबून तास झाला तरी पानांवरून पाणी गळतच होतं. वाळवंटात सात वर्षं काढलेल्या खैरुद्दीनला तो ओला वास सोसेना. मग एकदम जमीन संपली आणि खाली खोल वाडग्यासारखं तळं दिसलं. कधीकाळी इथून आग बाहेर पडली, तिच्या खड्ड्यात हे पाणी साठलं, असं दुकानदार सांगत होता. पलीकडच्या कड्यामागं असंच आणखी एक तळं होतं, त्याच्याही मागं एक. काठानं सगळीकडं जंगल, पाणी हिरवंकाळं, वाऱ्याची झुळूक नाही.

ते खाली उतरले. एक माणूस लाकडाची मोळी टेकवून तिथं उभा होता. एका पायावर उभा, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला लावलेला. हनीफ अगदी असाच उभा राहायचा. डाव्या भुवईवर हनीफसारखाच जुना व्रणही होता. खैरुद्दीन बघतच राहिला. भांबावून त्यानं तोंड धुवायला पाण्याकडं पाऊल टाकलं, तसा तो माणूस ओरडला, "अझा, अझा!" खैरुद्दीनला ऐकू आलं, "आ जा, आ जा." तो आणखी पुढं गेला. त्या माणसानं धावत येऊन त्याचं मनगट धरलं आणि मागं ओढलं. दुकानदारानं मग सांगितलं, की 'अझा' म्हणजे 'नको', तळ्यात मगरी आहेत आणि इथले लोक त्यांना आपले पूर्वज मानतात.

"मी त्याला हनीफभाई म्हणून हाक मारली, खाला," खैरुद्दीन म्हणाला. "त्यानं नुसतं बघितलं. मोळी उचलली आणि गेला."

दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे त्याचं नाव अली होतं. फुटलेल्या गलबतावरून वाचून आलेला, बहुधा कोमोरोसकडचा. इथंच घर केलं, मुलं झाली. दुसऱ्या दिवशी खैरुद्दीन त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन आला, पण दाराशी खेळणारी मुलं बघून हाक न मारताच परतला. भाऊ नाही अशी खात्री झाली म्हणून परतलो, की खात्री होईल या भीतीनं, हे त्याला अजून कळत नव्हतं.

मरियमबीनं त्याच्या पानात आणखी भात वाढला. मग म्हणाली, "आईला लिहू नकोस. काझींनाही नको. जिचं आहे तिला लिही."

हलिमा चौथीपर्यंत शिकली होती. खैरुद्दीननं तिला चार पानं लिहिली, काही लपवलं नाही. झोपडीपासून परतलो तेही लिहिलं. पाच आठवडे तो कामात चुका करत राहिला. शेठ ओरडला तरी त्याला ऐकू जायचं नाही.

उत्तर एका पानाचं होतं. हलिमानं लिहिलं होतं, "तुम्ही त्यांच्याबरोबर लहानाचे मोठे झालात, तरी तुम्हाला ओळख पटली नाही. मी दोन महिने पाहिलं. आज समोर उभे राहिले तर मलाही पटेल की नाही, सांगता येत नाही. ते असतील तर त्यांना घर आहे. काझींना तुमचं पत्र वाचून दाखवलं. ते म्हणाले, एवढ्यावरून निकाल बदलत नाही. मीही बदलत नाही. यायचं असेल तर या."

तो गेला. निकाह झाला. काझींनी विचारल्यावर तो क्षणभर अडखळला, लोकांना वाटलं लाजला.

दोन वर्षांनी हलिमा दुबईला आली आणि मरियमबीच्या शेजारच्या खोलीत दोघांचा संसार सुरू झाला. तळ्याचा विषय तिनं कधी काढला नाही. एकदाच, बांगडे तळताना, पाठमोरीच असताना तिनं विचारलं, "त्या दाराशी मुलं किती होती?"

"दोन," खैरुद्दीन म्हणाला. मग थांबून म्हणाला, "तीन असतील. नीट आठवत नाही."

"बरं," हलिमा म्हणाली आणि तिनं मासा उलटला.