तानीबायच्या गाडीची हाक

समुद्रकाठच्या चिखल्याची तानी आधी डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायची. मग तिने धाकट्या दिराची जुनी मोटारसायकल मागून घेतली, किनाऱ्याच्या ओल्या वाळूत चारदा पडून चालवायला शिकली आणि मागे थर्माकोलचं खोकं बांधून डोंगराकडच्या पाड्यांवर जायला लागली. सकाळी डहाणूच्या बंदरावर बोंबील-मांदेली उचलायची, सरावली, कैनाड अशी गावं करत वर चढायचं, आणि बर्फ वितळायच्या आत खोकं रिकामं करून उतरायचं. सहा वर्षं असं चाललं. पाड्यावरच्या बायका तिला घरचीच धरत.

२०१७ सालच्या कापणीत मात्र घोटाळा झाला. सुनिल नावाचा एक जण टेम्पो घेऊन तिच्याच वाटेला लागला. टेम्पोवर भोंगा. भोंगा पार शेताच्या टोकाला ऐकू जायचा आणि बायका विळे खाली ठेवून रस्त्यावर यायच्या. तानीची गाडी शिवणयंत्रासारखी कुरकुरत यायची. कापणीच्या दिवसांत घरी कोण असतं? ती दारात हॉर्न वाजवायची तर कोंबड्या तेवढ्या मान वर करून बघायच्या. तीन दिवस तिने अर्धं खोकं परत आणलं. तिसऱ्या दिवशी सुनिलने टेम्पो तिच्याजवळ उभा केला आणि अगदी गोडीत सांगितलं, "बेन, तू आता खालचीच गावं कर. डोंगर माझ्यावर सोड."

त्या दिवशी तानीने गाडी चिखल्याला न नेता सरळ तलासरीला नेली.

तलासरीला हायवेच्या बाजूला धोंडी मिस्त्रीचं गॅरेज होतं. कॉलेजची पोरं त्याच्याकडून गाड्यांचे सायलेन्सर पोकळ करून घ्यायची आणि नाक्यावरून फडफडत जायची. तानीला बघून त्याला वाटलं, पंक्चर असेल. तिने काम सांगितलं तेव्हा त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"तानीबाय, या वयात?"

"माझं वय तुला नाही काढायचं. डोंगरापलीकडं ऐकू गेलं पाहिजे, एवढं कर."

धोंडीने सायलेन्सर उतरवला, ग्राइंडरने त्याचं शेपूट कापलं. आत भोकाभोकांची एक नळी होती, काजळीने काळीकुट्ट. ती ओढून काढली, आतले पडदे सळईने फोडले, पुन्हा वेल्डिंग मारलं. नळी फेकून मात्र दिली नाही. ती आत-बाहेर करता येईल अशी एका बोल्टवर बसवून दिली. नाक्यावर पोलीस असतात, तेव्हा गावात नळी आत ठेवायची आणि डोंगरात गेल्यावर काढायची, असं त्याने बजावलं. मग नळी काढून त्याने किक मारली.

शेजारच्या चहावाल्याचे पेले ताटलीत नाचायला लागले. ट्रकखाली झोपलेला कुत्रा उठून हायवेच्या पार गेला. तो दणका तानीच्या छातीत शिरला आणि ती पोरीसारखी हसत सुटली.

दुसऱ्या दिवशी उंबरपाड्याच्या खिंडीत तिने गाडी थांबवली, बोल्ट सैल करून नळी काढली, पिशवीत टाकली आणि किक मारली. धडधडाट दरीत उतरला, समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. खाली पिवळ्या शेतांत माणसं ताठ उभी राहिली आणि पळायला लागली. बायका, पुरुष, म्हातारी माणसं, सगळी एकाच दिशेने. तानीचा ऊर भरून आला. असं स्वागत टेम्पोवाल्याच्या बापजन्मी झालं नसेल. तिने मूठ पिळली आणि उतारावरून गाडी सोडली.

पाड्याच्या खळ्यावर तीस-चाळीस माणसं धापा टाकत उभी होती. प्रत्येकाच्या डोक्यावर भाताचा भारा. भांडं एकाच्याही हातात नाही.

त्या भागात मळणीचं मशीन एकच. अमृतच्या जुन्या ट्रॅक्टरला जोडून ते पाड्यापाड्यावर यायचं. त्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर कधीच सडून गळून पडला होता. अमृत कोणासाठी थांबायचा नाही. ज्याचा भारा खळ्यावर आधी, त्याचा नंबर आधी. म्हणून खिंडीत तो धडधडाट झाला की सगळा पाडा भारे घेऊन धावायचा. तसाच आजही धावला होता.

कोणी हसलं नाही. पाड्यावरच्या दक्षाने भारा अर्धवटच आवळला होता, तिचं भात वाटभर सांडलं होतं. पाड्यात सगळ्यांत म्हातारी भिकी. तिने भारा खाली टाकला, घाम पुसला.

"तू मुद्दाम केलंस असं म्हणत नाही मी," ती म्हणाली. "पण उद्या मशीन खरंच आलं आणि आम्ही म्हटलं, असेल तानी, तर आमचं भात राहील ना शेतात. हा आवाज बंद कर, नाहीतर येऊ नको."

आवाज बंद करावा तर सुनिल आहेच. दूर वळणावर त्याचा भोंगा वाजायलाही लागला होता.

भिकीने तिच्याकडे पाठ फिरवली आणि पलीकडच्या उतारावरून भारा घेऊन येणाऱ्या सुनेला, बायजीला, हाक घातली. तोंडाला हात लावून, दोन तोकड्या, एक लांब: "कू, कू, कूऽऽऽ." त्या पाड्यात घराघराची हाक वेगळी. दोन डोंगरांपलीकडून आली तरी ज्याची त्याला कळते. तानीने ती सहा वर्षं ऐकली होती. आज पहिल्यांदा ती तिच्या कानात अडकली.

तिने किक मारली. मूठ दोनदा तोकडी पिळली, एकदा लांब.

उतारावरून बायजीचा आवाज आला, "आले गो आये!"

आता मात्र खळ्यावर हशा फुटला. दक्षा तर भाऱ्यावर बसूनच हसली. भिकीने ओठ आवळून धरले होते, पण तिचं पोट हलत होतं.

"ती आमच्या घरची हाक आहे," ती म्हणाली. "तुझी वेगळी काढ."

मग सगळ्यांनी मिळून हाक शोधली. ही दक्षाच्या घरची, ती वरच्या पाड्याची, असं करत शेवटी एक लांब आणि तीन तोकड्या, ही मोकळी सापडली. तानीने ती चार वेळा वाजवून दाखवली. चौथ्यांदा ती बरोबर बसली, असं भिकीने ठरवलं. भांडी नव्हती तर बायकांनी सागाच्या पानांत मासे बांधून घेतले. सुनिलचा टेम्पो आला तेव्हा सगळ्यांच्या हातांत पुड्या होत्या.

चार दिवसांनी तानी खिंडीत पोचली. तिने मूठ पिळली: एक लांब, तीन तोकड्या. तेवढ्यात मागून धडधडाट आला. अमृतचा ट्रॅक्टर चढ चढत होता, आणि अरुंद रस्त्यावर त्याच्यामागे अडकलेला सुनिलचा टेम्पो भोंगा वाजवत होता. भोंग्यातला एक शब्द कोणाला कळेल तर शपथ.

तानी श्वास रोखून खाली बघत राहिली. शेतं हलली. बायका भांडी घेऊन रस्त्याकडे धावल्या, पुरुष भारे घेऊन खळ्याकडे. एकही माणूस चुकलं नाही. रस्त्याच्या कडेला भिकी तेवढी डोक्यावर भारा आणि हातात पातेलं, दोन्ही घेऊन उभी होती.

तानी गाडी घेऊन खाली झेपावली.

"लवकर दे गो," भिकी म्हणाली, "नंबर जाईल माझा." आणि मांदेली पातेल्यात पडायच्या आधीच ती खळ्याकडे निघाली. तानी हातात मासे घेऊन तिच्या मागे पळाली. मागे उतारावर गाडी तशीच धडधडत उभी होती.