मितवल्लीची ढाबळ

"डोळे मिटा, आणि एक शांत समुद्रकिनारा मनापुढे आणा," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मितवल्लीने डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाला, "आणला."

"काय दिसतंय?"

"माझा मेव्हणा. माझे बूट घालून पाण्यात उतरतोय."

मी खाकरलो. मितवल्लीला एकट्याने जिना उतरण्याचं धाडस होत नव्हतं, म्हणून खालच्या मजल्यावरचा शेजारी या नात्याने मी सोबत आलो होतो. कोपऱ्यात बसायचं आणि तोंड उघडायचं नाही, या अटीवर बाईंनी मला आत घेतलं होतं. खाकरल्याने अट मोडते असं काही मला वाटत नाही.

या ईनासबाई नाईलकाठच्या आमच्या दुमियात गावच्या सरकारी दवाखान्यात नवीन होत्या. मन उतरलेल्या माणसांना बोलतं करून बरं करायचं, हे त्यांचं काम. काम मनापासून करायच्या, पण समुद्रकिनारा सगळ्यांना एकच द्यायच्या. भट्टीवाल्यालाही तोच आणि मास्तरीणबाईंनाही तोच. मितवल्लीला त्यांनी मग श्वास मोजायला लावले, तर तो खुर्चीतच झोपला आणि असा घोरला की शेजारच्या खोलीत सुईला भिऊन रडणारी पोरं कान देऊन गप्प झाली. रोज फिरायला जा म्हणाल्या, तर माझा हात धरून गेला बिचारा. वाटेत प्रत्येक दुकानदाराने उठून सांत्वन केलं. निघताना होता त्याहून दुःखी होऊन परत आला.

मितवल्ली खुर्च्यांवर नक्षी कोरायचा. त्याने कोरलेल्या सिंहाच्या पायांवर गल्लीतले कुत्रे भुंकत, ही गोष्ट मी शपथेवर सांगतो. पण त्याचा खरा जीव होता गच्चीवरच्या ढाबळीत, कबुतरांमध्ये. एके सकाळी त्याची बायको नईमा तपासणीसाठी इस्पितळात निघाली. "संध्याकाळी येते, दाणे तेवढे टाका," म्हणाली. ती आलीच नाही. त्या दिवसापासून मितवल्लीने ढाबळीला जी कडी घातली, ती काढली नाही. जे बाहेर जातं ते परत येत नाही, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. खुर्च्यांच्या कारखान्यात जाणं सुटलं. कबुतरं आत खाऊन खाऊन इतकी लठ्ठ झाली की माझ्या घराचं छत वीतभर खाली आलं. आणि आता त्याने पाखरांच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला होता: येता शुक्रवार सोडून पुढच्या शुक्रवारी ये आणि सगळी घेऊन जा. ढाबळ गेली की तिच्यामागोमाग मितवल्लीही जाणार, हे मला दिसत होतं.

पुढच्या भेटीत बाईंनी समुद्र गुंडाळून ठेवला.

"चाचा, माझे उपाय वाईट नाहीत, पण ते तुमच्या मापाचे नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही खुर्ची करता तेव्हा बसणाऱ्याला विचारता ना, कशी हवी?"

"बसणाऱ्याला कोण विचारतं? त्याच्या बायकोला विचारतो," मितवल्ली म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला.

बाईंनी आपली खुर्ची जवळ ओढली. मग म्हणाल्या, "मला एक सांगा. नवीन कबूतर घाबरलेलं असतं, तेव्हा तुम्ही त्याला कसं रुळवता?"

मितवल्ली खुर्चीत सरळ बसला. "घाई करायची नाही बघा. आधी पंख सैल बांधून गच्चीवर सोडायचं. आपलं दार, आपला कठडा, समोरचा मनोरा, सगळं त्याला नजरेत भरू द्यायचं. मग पंख मोकळे करायचे, पण एकट्याला उडवायचं नाही, जुन्या जाणत्याच्या सोबत. आणि उपाशीपोटी. पोट भरलेलं कबूतर आणि सासरी गेलेली बहीण, दोघांना परतायची आठवण होत नाही."

"आणि मध्येच पुन्हा घाबरलं तर?"

"तर एक पायरी मागे यायचं. त्याला रागवायचं नाही."

"मग चाचा, आपण तेच करू," बाई म्हणाल्या. "फक्त या खेपेला बुजलेलं कबूतर तुम्ही."

मितवल्लीने माझ्याकडे पाहिलं. "आणि जुना जाणता कोण? हा खालच्या मजल्यावरचा शहाता?"

"ते आपल्या नशिबात असेल तसं," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून भेटी रोज गच्चीवर व्हायला लागल्या. पहिल्या दिवशी कडीला नुसता हात लावायचा. मग कडी काढायची, पण दार लोटलेलं. मग दार उघडं आणि मितवल्ली उंबऱ्यात आडवा बसलेला, कपाळावर घाम. बाई शेजारी पालथ्या डब्यावर बसायच्या. दवाखान्यात त्या गुण द्यायला लावत, शून्य ते दहात आज कसं वाटतंय. इथे त्या विचारायच्या, "चाचा, आज कुठे आहात?"

"मागच्या कोपऱ्यात. मान पंखात."

पुढे एकदा म्हणाला, "दारात." आणि मग, "कठड्यावर. पण खाली बघवत नाही."

ज्या दिवशी थवा सोडला, त्या दिवशी मितवल्लीचे हात असे थरथरत होते की थव्याला वर धाडायचं निशाण वेगळं हलवायची गरजच पडली नाही. कबुतरं धापा टाकत वर गेली, एक गिरकी घेतली आणि दाण्याच्या आशेने उतरली. एक सोडून. नईमाची लाडकी पांढरी समोरच्या बयूमीच्या थव्यात शिरली, आणि त्या थव्याबरोबर बयूमीच्याच गच्चीवर उतरली.

"गेली," मितवल्ली म्हणाला आणि खाली बसला.

बाईंचा जीव उडाला. इतक्या दिवसांची मेहनत पाण्यात गेली असं वाटून, कुणालाही न विचारता त्या धडाधड जिना उतरल्या, आणि थोड्याच वेळात पांढरीला चीजच्या टोपलीत घालून परत आल्या. दम लागला होता, पण चेहरा फुललेला.

आता आमच्या गच्च्यांचा रिवाज असा, की ज्याने आपल्या गच्चीवर उतरवलं त्याचं ते पाखरू. मितवल्ली आणि बयूमी यांचं तर तरुणपणापासून युद्ध. त्यात परत मागणं म्हणजे भर बाजारात स्वतःची पगडी स्वतःच उतरवणं.

मितवल्लीने टोपलीकडे पाहिलं. "बयूमीने दिली?"

"लगेच दिली. म्हणाला, बिचाऱ्याला देऊन टाका."

"काय म्हणाला?"

"बि... बिचाऱ्याला."

नईमा गेल्यापासून मितवल्लीचा आवाज त्याच्या स्वतःच्या मिशीपलीकडे गेला नव्हता. तो आता असा निघाला की नाईलवरच्या दोन होड्यांनी दिशा बदलली. "बिचारा? मी? त्या भोपळ्याच्या तोंडून?" त्याने टोपली उचलली, पायात आला तो बूट घातला आणि जिना उतरून गेला. एकटा. बाई आणि मी कठड्यावरून वाकून पाहत राहिलो.

बयूमी दारात बसला होता. मितवल्लीने टोपली त्याच्या मांडीवर ठेवली.

"पकडलीस ना? मग ठेव."

"अरे, मी आपलं दया येऊन..."

"दया तुझ्या त्या काळ्या टोपीवाल्या कबुतरावर कर. त्याला मी या आठवड्यात उतरवणार आहे."

बयूमी हळूहळू हसायला लागला. "उतरव बाबा. आभाळात एकट्याने फार कंटाळलो होतो रे."

मितवल्ली वर आला तेव्हा बाई ओशाळून उभ्या होत्या. "चुकलं माझं, चाचा. आधी तुम्हाला विचारायला हवं होतं."

"चुकलंच," मितवल्ली धापा टाकत म्हणाला. "पण बाई, या खेपेची चूक अगदी माझ्या मापाची होती."

ठरल्या शुक्रवारी व्यापारी पिंजरे घेऊन गच्चीवर आला. मितवल्ली मचाणावर उभा राहून निशाण फिरवत होता. "नंतर ये," तो वरूनच म्हणाला, "आता कामात आहे." व्यापारी पिंजऱ्यावर बसला, चहा प्यायला आणि तो काळ्या टोपीवाला मितवल्लीच्या ढाबळीत उतरला तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडला. मितवल्लीने गल्लीभर जिलेबीसारखं गरम मशबक वाटलं. बयूमीने दोनदा घेतलं आणि पाक कमी आहे म्हणाला. दुसऱ्या सकाळी मितवल्ली कारखान्यात गेला.

ईनासबाई आता महिन्यातून एकदाच येतात. मध्यंतरी आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. ढाबळीचं दार सताड उघडं होतं, आणि कडी होती तिथे फक्त खिळ्यांची भोकं. दोन्ही थवे वर होते.

"चाचा, आज कुठे आहात?"

डोळ्यांवर हाताचा आडोसा धरून मितवल्ली बयूमीच्या थव्याकडे पाहत होता. थवा वळला की त्यात एक पांढरा ठिपका चमकायचा, पुन्हा वळला की दिसेनासा व्हायचा.

"छान उडतेय," तो म्हणाला, आणि आपल्या पाखरांसाठी दाण्यांचा डबा हलवू लागला.