हिरव्या भिंतीसमोरचा दात

बहिणीच्या ऑपरेशनसाठी ती चार दिवस घराबाहेर काय राहिली, मागे राहिलेल्यांनी तिच्या पुढच्या खोलीला रंग फासला.

रंग तरी कसला! धड हिरवा नाही, धड मातकट नाही. डबक्याच्या कडेला साचतो तसला. नणंदेच्या तोंडी त्याचं नाव 'म्यूटेड ऑलिव्ह'. चारही भिंतींवर तोच, एक कोपरा म्हणून सुटला नव्हता. खिडकीखालचं तिचं टेबल नाहीसं झालं होतं आणि त्या जागी वेताची खुर्ची आणि प्लास्टिकचं झाड येऊन बसलं होतं.

खोलीच्या मधोमध नवरा उभा होता, स्वतःवर बेहद्द खूश. तो हसला आणि तिला दिसलं, पुढचा एक दात अर्धा तुटलाय.

"कसं वाटलं सरप्राइज?" तो म्हणाला. फटीतून प्रत्येक 'स' शिट्टी वाजवत बाहेर पडत होता.

"दाताला काय झालं?"

"ती रंगाची चिकटपट्टी असते ना, ती दातांनी तोडत होतो. ते जाऊ दे. रंग बघ!"

"माझं टेबल कुठंय?"

गल्लीत तिला सगळे दातवाली म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. दातांचे डॉक्टर साचे पाठवत. त्यावरून ती दातांवर बसवायच्या टोप्या आणि कवळ्या करून देई. पोर्सिलीनची पूड ब्रशाने थरावर थर चढवायची, छोट्या भट्टीत भाजायची आणि शेजारच्या दाताशी असा रंग जुळवायचा की खुद्द मालकालाही आपला कुठला आणि तिचा कुठला ते कळू नये. इतरांचे दात घशात घालावेसे वाटणारी माणसं पुष्कळ असतात. ही ते परत तोंडात बसवायची. या कामाला उजेड लागतो, आणि उजेडाला नितळ भिंती लागतात. म्हणून तिने स्वतः उभं राहून त्या खोलीला राखाडीकडे झुकणारा बेचव पांढरा लावून घेतला होता. नवरा त्या खोलीला दवाखाना म्हणायचा. हाच रंग का, ते तिने त्याला इतक्यांदा सांगितलं होतं की तिचेच दात दुखायची वेळ आली होती.

टेबल सापडलं न्हाणीघराच्या बाहेरच्या बोळात, ओल्या टॉवेलांच्या दोरीखाली. भट्टी जुन्या चादरीत गुंडाळलेली. पुडीच्या बाटल्या बुटांच्या खोक्यात आडव्यातिडव्या कोंबलेल्या.

"वहिनी, रागावू नका हं," नणंद मागून म्हणाली. ती शेजारच्या गल्लीत राहायची, आणि हल्ली घरसजावटीचे व्हिडिओ बघून बघून तिच्या अंगात आलं होतं. "माणसं आली की आधी काय दिसायचं? कवळ्या! आता बघा, डोळ्यांना कसं शांत वाटतं."

"मला नाही शांत व्हायचं."

"अगं, चिडतेस कशाला?" नवरा म्हणाला. "खोली घराची आहे. तुझं काम काय, कुठेही होतं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो आजारी हिरवाही एक वेळ तिने गिळला असता. पण 'कुठेही होतं' हे तिला गिळता येईना. आयुष्यभर या टेबलावर मान मोडून बसली, आणि यांच्या लेखी ते कोपऱ्यातलं विणकाम! विचारलं नव्हतं. फोनवर रोज दोनदा बोलला हा माणूस, जेवलीस का म्हणाला, बहिणीचे टाके कसे आहेत म्हणाला, आणि भिंतीबद्दल चकार शब्द नाही.

तिने बोळ गाठला. टेबल एकटीने फरफटत आणून खिडकीखाली लावलं. फरशीवर ओरखडे उठले, ते उठू दिले. प्लास्टिकचं झाड उचलून बोळात ओल्या टॉवेलांखाली ठेवलं.

इथे तिची चूक झाली. तिला वाटलं, भिंतीचं काय, माझी नजर तयार आहे. राग नाकाच्या शेंड्यावर असला की माणसाला स्वतःबद्दल जास्तच खात्री वाटते. एका शिक्षिकेच्या पुढच्या दोन टोप्या अडकून पडल्या होत्या, त्या तिने त्याच दिवशी करायला घेतल्या. खिडकीतून आलेला उजेड भिंतीवर आपटून हिरवट होऊन परत येत होता. त्यात तिला दात आजारी दिसायचा, आणि तिच्याही नकळत ब्रश गुलाबी छटेकडे वळायचा. त्याच उजेडात दाताच्या रंगाच्या नमुन्याशी ताडून पाहिलं, तर तंतोतंत.

शिक्षिकेच्या डॉक्टरीणबाईंचा फोन आला तेव्हा ती हात धूत होती.

"अहो, हे काय पाठवलंत? हिरडीच्या रंगाचे दात! बाई माझ्या खुर्चीत रडल्या. तुमच्याकडून असं कधी होत नाही. पण पुन्हा झालं, तर मला काम दुसरीकडे द्यावं लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

टोप्या परत आल्या. ती त्या घेऊन रस्त्यावर उन्हात जाऊन उभी राहिली. गुलाबी. बाहुलीच्या गालासारख्या गुलाबी. लाज वाटली, आणि लाजेमागून संताप आला, आधी स्वतःचा आणि मग सगळ्यांचा. आत येऊन तिने नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, "भिंती पुन्हा होत्या तशा करा. माझं काम जातंय."

"एवढा राबलोय मी! दात गमावलाय या रंगापायी," तो म्हणाला. "रंगाने कधी कुणाचं काम गेलंय का? तू एकदा डोळे तपासून घे."

डोळे! तिने दातओठ खाल्ले. पुढे ती प्रत्येक टोपी हातात घेऊन घराच्या पायऱ्यांवर जाऊन बसू लागली. येणारेजाणारे थांबून बघत, कुणी विचारी, दातवालीबाई, आत काय झालं? शिक्षिकेच्या टोप्या तिने तशाच, धुळीत बसून, नव्याने केल्या आणि त्या जुळल्या. पण पाऊसपाणी, वारा, असं किती दिवस चालणार? आणि घरातला माणूस रोज त्या पायऱ्यांवरून तिला ओलांडून भाजी आणायला जाई.

मग त्याचाच साचा आला. डॉक्टरीणबाईंनी तुटका दात घासून तयार केला होता आणि टोपी हिच्याकडे सोपवली होती. नवऱ्याच्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींचा मेळावा तोंडावर आला होता, त्यात त्याला भाषण करायचं होतं.

"माझा आधी कर," तो म्हणाला.

"कुठे करू?"

"कुठे म्हणजे? इथेच."

"पायऱ्यांवर नको?"

"तिथे सगळी गल्ली माझं तोंड बघणार. इथेच कर. सांगितलं ना, तुझं काम कुठेही होतं."

"बरं," ती म्हणाली.

तिने लबाडी केली नाही. त्याला वेताच्या खुर्चीत बसवलं, मागे त्याची लाडकी भिंत, आणि शेजारच्या दाताशी जसा दिसला तसा रंग जुळवला. जीव ओतून काम केलं. टोपी नुसती बसवून पाहायला म्हणून लावली आणि त्याच्या हातात आरसा दिला.

"वा!" तो म्हणाला. 'स'ची शिट्टी बंद झाली होती.

"अगदी अस्सल, दादा," नणंद म्हणाली. "उगाच भिंतीच्या नावाने खडे फोडत होतात, वहिनी."

तो ऐटीत बाहेर पडला, शेजाऱ्याला दाखवायला. मागोमाग नणंद. दातवाली मात्र आतच ब्रश धूत बसली. बाहेर आधी शेजाऱ्याचं हसणं ऐकू आलं, आणि मग नणंदेचा आवाज.

"दादा, तोंड मीट बघू जरा."

तो तोंडावर हात धरून परत आला. आरसा घेऊन दारात गेला, उन्हात पाहिलं. आत येऊन पाहिलं. पुन्हा दारात गेला. आत खरा दात, बाहेर खोडरबराचा तुकडा.

"हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत ते. या खोलीत जुळतोय ना? मग मेळावा इथेच भरवा. भिंतीला पाठ लावून बसा आणि भाषण करा. बाहेर जाऊ नका, म्हणजे झालं."

नणंद कधी निघून गेली ते कळलंही नाही. त्याने भिंतीकडे पाहिलं. मग खुर्चीत बसला, उठला, आणि खाली बघून म्हणाला, "दुसरा कर."

"करीन की."

"कधी?"

तिने टेबलाखालून पांढऱ्या रंगाचा डबा ओढून बाहेर काढला, तो तिने शिक्षिकेच्या टोप्या परत आल्या त्याच दिवशी आणून ठेवला होता. त्यावर रोलर ठेवला आणि चिकटपट्टीची गुंडाळीही ठेवली. शेजारी कात्री ठेवली.

"भिंती वाळल्या की."