सरळ रेषेपेक्षा जवळची वाट

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. मित्रांनो, मला बघून हसू नका. डोक्यावर बाळाची टोपी वाळत घातली आहे, त्याला माझा इलाज नाही.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून आणि वर नकाशाच्या निमुळत्या पट्ट्या चिकटवून मला घडवलं. मग मी शाळेत गेलो. मुलं डोळे मिटून माझ्यावर बोट ठेवायची आणि बहुतेक वेळा समुद्रात बुडायची. भूगोलाचे मास्तर म्हणायचे, "वर्गात खरं बोलणारा हा एकटाच." पुढे भिंतीवर मोठा रंगीत नकाशा आला आणि माझी अडगळ झाली. मास्तरांनी मला घरी आणलं. ते गेले आणि मी त्यांच्या मुलाच्या घरी कपाटावर चढलो.

त्या दिवशी मास्तरांच्या सुनेची आई विमानात होती. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीचा, नातवाला बघायला जगाच्या दुसऱ्या टोकाहून. सुनेने सकाळीच बाळाच्या खोलीतल्या नकाशावर दोन विमानतळांमध्ये पट्टी धरली आणि खालच्या प्रमाणाने गुणलं. अंतर आलं चौदा हजार किलोमीटर. तिकिटावरच्या तासांत ते काही केल्या बसेना. तेव्हापासून तिच्या मनात विमानाचं इंधन संपत होतं.

दुपारी तिने मोबाइल उघडला, तर विमानाचा ठिपका सरळ यायचं सोडून वर उत्तरेला, बर्फाकडे निघालेला. तिने मोबाइल नवऱ्यापुढे धरला.

नवरा म्हणाला, "अगं, पायलटला रस्ता माहीत असतो."

"तुझी आई दोन गल्ल्या सोडून राहते. तू बोलणारच."

मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

बाळाला कडेवर घेऊन ती येरझारा घालत होती. अचानक तिची नजर वर गेली. तिने मला खाली घेतलं, पदराने पुसलं, विणकामातली लोकर तोडली आणि दोन्ही गावांवर टोकं दाबली. आधी तिने लोकर नकाशावरच्या वाटेने ठेवली. मग ताणली, तर ती आपोआप वर सरकली आणि बर्फावर जाऊन बसली. मोबाइलवर ठिपका होता तिथेच. तेवढीच लोकर तिने माझ्या विषुववृत्तावर धरली. पुरता वेढा चाळीस हजारांचा. लोकर पाव वेढ्यालाही पुरेना. म्हणजे जेमतेम नऊ हजार; गोल जग सपाट करताना नकाशाने अंतर ताणलं होतं. आता तासही जुळले.

तरी तिने मला मांडीवरून उतरवलं नाही. वाट बरोबर असली, म्हणून काय झालं? वारा आहे, आईचे गुडघे आहेत. संध्याकाळपर्यंत माझ्यावर तिच्या ओल्या बोटांचे ठसे उमटत राहिले.

मग फोन वाजला. "पोचले गं. खाली सगळं पांढरंच होतं, मला वाटलं ढग. तू जेवलीस का?"

सून रडली आणि मग जेवली.

मित्रांनो, माझ्यासारखा कुणी तुमच्या घरी असेल, तर त्याला हाताशी ठेवा. अधूनमधून पुसत जा. त्या धुळीखाली कुणाच्या तरी आईची वाट असते.