बिनतारेचा गळ

आमच्या मासेमारीच्या क्लबात माझ्या तोंडाला सगळे वचकून असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. इंग्लंडातल्या ब्लॅकबर्नच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. तिथे मऊ बोलून चालत नसे.

कालव्यावर हलक्या काठीने मासे धरणाऱ्यांसाठी मी एकच नियम घातलाय : गळाच्या वर वीतभर पोलादी तार लावायची म्हणजे लावायची. आम्ही जातो पर्च धरायला, तळहाताएवढा, अंगावर पट्टे असलेला. पण त्याच पाण्यात पाइक ही मोठी शिकारी मासळी असते आणि तिच्या दातांपुढे नुसत्या दोऱ्याचं काही चालत नाही. दोरा तुटतो, गळ घशात राहतो आणि ती बिचारी उपासाने मरते. आम्ही धरलेला मासा खात नाही, परत पाण्यात सोडतो. त्यामुळे आपल्या हलगर्जीने मासा मरणं यापरती नाचक्की आमच्यात नाही. डिसेंबरात कॉलिन सॅगर हा नवा सभासद तारेशिवाय सापडला, तेव्हा मी चारचौघांत त्याची बिनपाण्याने केली आणि त्याला घरी पाठवला.

जानेवारीतल्या त्या मंगळवारी मी आणि ट्रेव्हर, माझा दीर, सकाळीच काठावर होतो. नवरा गेल्यापासून ट्रेव्हर दर मंगळवारी माझ्यासोबत येतो. बोलतो कमी, चहा पितो फार. काठाला बर्फाचा पापुद्रा धरला होता. काठीच्या कड्यांत बर्फ साठायचं, ते दर थोड्या वेळाने बोटांनी फोडावं लागे. गळाला लावलेली माझी दोन इंची रबरी मासोळी तळाशी उड्या मारत होती आणि पर्च तिला नुसतं तोंड लावून निघून जात होते. तीन तास हेच. थंडीत पाणी नितळ होतं, तेव्हा त्यांना तार दिसत असणार याची मला खात्री पटली.

ट्रेव्हर पुलापलीकडे गेला. मी इकडेतिकडे बघितलं आणि तार काढून खिशात टाकली.

पाच मिनिटांत दोन पर्च! मी स्वतःवरच खूश. तिसऱ्यांदा मासोळी टाकली तर काठी मुठीपर्यंत वाकली. पाण्यात एक लांबलचक हिरवी कूस वळली आणि तुटक्या कोपऱ्याची शेपटी दिसली. आमची म्हातारी! पंधरा पौंडांची ती पाइक क्लबातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. या दिवसांत तिचं पोट अंड्यांनी भरलेलं असतं. दुसऱ्याच क्षणी दोरा हलका झाला. मासोळी गेली, गळ गेला, म्हातारीही गेली.

"काय झालं गं?" ट्रेव्हरने येऊन विचारलं.

"दगडात अडकलं," मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं, दोऱ्याच्या टोकाकडे बघितलं आणि चहा ओतला.

त्यानंतर मला घास गिळवेना. घशात अडकलेला गळ माझ्याच घशात असल्यासारखं वाटत होतं. बुधवारी जाड काठी, तार आणि आमिषाला मेलेला मासा घेऊन मी एकटीच गेले. काही नाही. गुरुवारी दुपारी ती दिसली. बांधून ठेवलेल्या एका बोटीच्या सावलीत, तोंड अर्धवट उघडं ठेवून पडली होती. जिवंत होती! पण माझी बोटं सांधेदुखीने आखडलेली. तेवढं धूड जाळ्यात घेऊन घशातला गळ काढणं एकटीच्याने होणारं नव्हतं. आणि पाइक हाताळण्यात तरबेज असा आमच्यात एकच माणूस होता, क्लबात नवा असला तरी. कोण, ते सांगायला नकोच.

कॉलिन खाटकाच्या दुकानात काम करतो. काउंटरवर सॉसेज मांडत होता. मी सगळं सांगून टाकलं, एका दमात, गिऱ्हाइकांदेखत.

"थांब, थांब," तो म्हणाला. "म्हणजे तार नव्हती?"

"नव्हती."

"डोरीन, माझी त्या दिवशी घरी राहिली होती. तुझी कुठे होती?"

"खिशात."

दुकानातली एक बाई खुदकन हसली. माझे कान तापले. मी म्हणाले, "बोल, काय बोलायचं ते बोल. पण उद्या ये."

"नऊला येतो," तो म्हणाला. "आणि तू तोंड बंद ठेवायचंस. पाइक बुजते."

शुक्रवारी नवाला आम्ही बोटीजवळ होतो. मी खरोखर तोंड बंद ठेवलं. कॉलिनने दोनदा मासा टाकला, काही नाही. तिसऱ्यांदा त्याने तो अगदी हळू ओढला आणि ती आली. दहा मिनिटं झुंज चालली. मी गुडघ्यांवर बसून जाळं धरलं. ओल्या चटईवर तिला निजवून कॉलिनने जबडा उघडला. मला बघवेना, मी डोळे मिटले.

"अगं, उघड डोळे! घशात नाहीये. कोपऱ्यात आहे, ओठाला."

चिमट्याचा एक हिसका, आणि माझी रबरी मासोळी त्याच्या तळव्यावर होती. मग मी तिला बर्फगार पाण्यात दोन्ही हातांनी धरून ठेवलं, तिचे कल्ले नीट हलेपर्यंत. हातांची जाणीव गेली तरी सोडलं नाही. एकदम तिने शेपटी हाणली, मला नखशिखांत भिजवलं आणि गेली. मी तिथेच चिखलात बसून रडले. कॉलिन बिचारा दुसरीकडे बघत राहिला.

"सापडली का?" समोरच्या काठावरून कुणीतरी ओरडलं.

ट्रेव्हर होता. हातात जाड काठी, काखेत मोठं जाळं, चिलखतासारखे चढवलेले तीन कोट.

"तू इथे काय करतोयस?" मी ओरडले.

"बुधवारपासून तिलाच शोधतोय. पार रिश्टन गावापर्यंत जाऊन आलो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"दगडाला घासलेला दोरा असा कापला जातो होय?"

"मग तेव्हाच बोलला का नाहीस, मूर्खा?"

ट्रेव्हरने जाळं खाली ठेवलं.

"तुला कोण बोलणार, डोरीन?" तो म्हणाला. "म्हटलं, आधी मासा शोधू."