काचेची झिणझिण

योगिनीने नाशिकहून पाठवलेला फोन सत्यभामाबाईंनी जेमतेम चार दिवस हातात धरला. पाचव्या दिवशी त्यांनी तो उशीवर ठेवला आणि हातभर लांब बसून बोलायला लागल्या.

"आई, मले नुसता पंखा दिसून राह्यला," पलीकडून योगिनी म्हणाली. "तू कुठी आहेस?"

"इथंच हाव. तू बोल."

"फोन हातात घे ना."

"नाई घेत. याच्यात करंट हाय."

योगिनी ही त्यांची एकुलती एक मुलगी, नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स. ड्यूटीवरून आली की चारच्या सुमारास ती रोज माहेरी, बुलढाण्याजवळच्या धाड गावाला, व्हिडिओ कॉल करायची. आधीच्या फोनचा आवाज आईला नीट ऐकू यायचा नाही, प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागायचं, म्हणून तिने मुद्दाम दोन स्पीकरचा, मोठ्या आवाजाचा फोन घेऊन कुरिअरने पाठवला होता. आवाज खणखणीत होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण कॉल चालू असला की सत्यभामाबाईंच्या बोटांच्या टोकांना झिणझिण लागायची. काचेला लावलेल्या बोटांना जास्त, मागच्या बाजूच्या बोटांना कमी.

त्यांनी नवऱ्याला सांगितलं. शेषराव एसटीत कंडक्टर होते, बुलढाणा डेपोतून रिटायर होऊन सहा वर्षं झाली होती. त्यांनी फोन घेतला, उलटा केला, सुलटा केला, तळहातावर ठेवून पाहिला.

"मले तर काई लागत नाई."

तोवर कॉल संपलेला होता, हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

"तुह्या रगांचं हाय ते," शेषराव म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलंच हाय."

ते खरंच होतं. गेल्या वर्षी पायांना मुंग्या येतात म्हणून सत्यभामाबाई डॉक्टरकडे गेल्या होत्या आणि त्यांनी नसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तेव्हापासून हाताला काहीही लागलं तरी घरात एकच उत्तर मिळायचं. महिन्यापूर्वी कूलर बाहेर काढून चालू केला, तेव्हा त्याचा पत्रा पुसताना हाताला काहीतरी लागलं म्हणून त्या बोलल्या होत्या. शेषरावांनी लगेच येऊन पत्र्यावर अख्खा पंजा टेकवला होता. "पाह्य, काय हाय? काई नाई." आणि पुन्हा तेच, रगा. आपल्या हाताचा आपल्यालाच भरवसा नाही असं त्यांना तेव्हापासून वाटायला लागलं होतं. गोधडी शिवताना सुई टोचली तरी त्या क्षणभर थांबून बोटाकडे बघायच्या.

फोन उशीवर गेल्यापासून कॉल लहान झाले. योगिनी बोलायची, सत्यभामाबाई "हाव, हाव" करायच्या. एकदा योगिनी चिडली. "एवढा चांगला फोन पाठवला, अन् मले आईचं तोंडही दिसत नाई." मग तिनेच विषय बदलला. ओवीला, म्हणजे तिच्या सात वर्षांच्या मुलीला, सुट्ट्या लागल्या होत्या. येत्या शनिवारी जावई तिला धाडला सोडून जाणार होते, चांगल्या तीन आठवड्यांसाठी.

सत्यभामाबाईंना आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली. ओवी आली की फोन दिवसभर तिच्याच हातात असणार. आपल्याला नुसती झिणझिण लागते, पण लेकराच्या हाताला काय होईल, कोणी सांगावं?

गुरुवारी सकाळी त्यांनी भाकरी करून झाकून ठेवल्या, फोन रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि बुलढाण्याची एसटी पकडली. शेषराव म्हणाले, "काऊन एवढ्या उन्हात जातेस? रगांचं औषध मोबाइलच्या दुकानात भेटत नसते." त्यांनी ऐकून घेतलं आणि गेल्या.

बसस्टँडजवळच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं एक लहान दुकान होतं. काउंटरमागे पस्तिशीची एक बाई डोळ्याला भिंग लावून कुठल्यातरी फोनचं पोट उघडून बसली होती. मागच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रावर तिचं नाव होतं, पुष्पांजली. सत्यभामाबाईंना वाटलं होतं, दुकानात एखादा पोरगा असेल आणि तो हसेल. बाई दिसल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. रगांचंही सांगितलं.

"चार्जिंगले लावून बोलता काय, मावशी?"

"नाई. पिन काढूनच बोलतो."

"मंग दाखवा."

पुष्पांजलीने फोन हातात घेतला, त्यावर हलगीचा एक व्हिडिओ लावला आणि आवाज पुरता वाढवला. दुकान दणाणलं. मग तिने जुन्या बिलाचा एक कोपरा फाडला, त्याचे तांदळाएवढे बारीक तुकडे केले, फोन काउंटरवर आडवा ठेवला आणि तुकडे काचेवर सोडले.

तुकडे नाचायला लागले. हलगीच्या प्रत्येक ठोक्याला उडायचे, सरकायचे, पुन्हा उडायचे.

"आता बोट लावा."

सत्यभामाबाईंनी भीत भीत बोट टेकवलं. झिणझिण होती. पुष्पांजलीने आवाज पार बंद केला. व्हिडिओ चालूच होता, त्यातला माणूस हलगी वाजवतच होता, पण तुकडे निपचित पडले आणि बोटाखालची काचही शांत झाली.

"याच्यात करंट नाई, मावशी. जुन्या फोनले खाली एकच स्पीकर असते. याले खाली एक हाय अन् वर कानाजवळ एक. फोन पाहा केवढा पातळ. आवाज मोठा झाला की सगळी काचच हालते, ढोलाच्या कातड्यासारखी. तेच तुमच्या बोटाले लागते."

"मंग सगळ्याइले लागत असेल?"

"लागते. लोकाइचं ध्यान नसते. जाड कव्हर घातलं तर कमी लागते."

सत्यभामाबाईंनी फोन आपल्याकडे ओढला. बाजूचं बटण दाबून आवाज वाढवला, कमी केला, बंद केला, पुन्हा वाढवला. पाच-सहा वेळा केलं. दरवेळी बोटाला तसंच लागत होतं, आवाजाबरोबर येत होतं आणि आवाजाबरोबर जात होतं.

"म्हंजे माह्या हाताले लागते ते खरं हाय?"

"खरंच हाय ना. भास असता तर कागद काऊन नाचले असते?"

सत्यभामाबाई हसल्या. मग पदराने डोळे पुसले आणि ऊन फार आहे असं काहीतरी म्हणाल्या. पुष्पांजलीने त्यांना माठातलं पाणी दिलं. निघताना तिने एक गोष्ट मात्र बजावली. "चार्जिंगले लावल्यावर कदी झिणझिण लागली, अन् आवाज बंद करूनही थांबली नाई, तर मंग ते आवाजाचं नाई. मंग तपासत बसायचं नाई, सीधी पिन काढायची."

त्या संध्याकाळी बऱ्याच दिवसांनी योगिनीला आईचा चेहरा दिसला. सत्यभामाबाईंनी फोन दोन्ही हातांत धरून तिला कागदाच्या तुकड्यांची सगळी हकीकत सांगितली. शेषराव खाटेवरून ऐकत होते. "बरं झालं, फोन तरी चांगला निघाला," एवढंच म्हणाले.

शनिवारी ओवी आली. जावई जेवून लगेच परत गेले. पोरीने पहिल्या दिवशी मांजर शोधलं, दुसऱ्या दिवशी शेजारच्या कौशल्याबाईंच्या घरी जाऊन आली, आणि तिसऱ्या दिवशी तिला घरातलं एक मोठं काम सापडलं. कूलरमध्ये पाणी भरायचं. धाडला मे महिन्यात कूलर दिवसातून दोनदा पाणी पितो. शेषरावांनी तिला नळाची नळी कशी ओढत आणायची ते दाखवून ठेवलं होतं.

दुपारचे तीन वाजले होते. शेषराव आतल्या खोलीत आडवे झाले होते. कूलर घरघरत होता. सत्यभामाबाई त्याच्यासमोर बसून गोधडीला टाके घालत होत्या. वारा नीट येईना म्हणून कूलर जरा वळवावा असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांनी पत्र्याला हात लावला.

झिणझिण लागली.

हात त्यांनी मागे घेतला. आधी त्यांच्या मनात आलं, हेही फोनसारखंच असेल. एवढा मोठा पंखा आत फिरतो, पत्रा थरथरणारच. त्या उठल्या आणि कूलरची दोन्ही बटणं बंद केली, पंख्याचं आणि पाण्याच्या मोटारीचं. पाती हळूहळू थांबली. घरात एकदम शांत झालं. पत्रा आता हलत नव्हता, हे डोळ्यांना दिसत होतं. त्यांनी उलट्या बोटांनी पत्र्याला नुसतं टेकवल्यासारखं केलं.

झिणझिण तशीच होती.

पुढे त्या सगळ्यांना सांगायच्या की तेव्हा मला घाम फुटला. पण तेव्हा त्यांना घामाचं भान नव्हतं, कारण मागच्या दारातून ओवी पाणी वाहत असलेली नळी ओढत आत आली होती. फ्रॉक ओला, पाय ओले, आणि फरशीवर तिच्यामागे पाण्याची वाट.

"आजी, मी भरते! तू बस!"

"ओवी, तिथंच थांब!"

आवाज एवढा मोठा निघाला की ओवी खरंच थिजली. तिच्या हातातली नळी खाली पडली आणि पाणी कूलरच्या दिशेने वाहायला लागलं. सत्यभामाबाई वळसा घालून भिंतीकडच्या कोरड्या बाजूने बोर्डाकडे गेल्या, बोर्डाचं बटण दाबलं आणि पिन ओढून काढली. उलटं बोट पुन्हा पत्र्याला टेकवलं, झिणझिण गेली होती. मग ओवीला उचलून ओट्यावर नेऊन बसवलं. ती आता रडायला लागली होती, आपलं काय चुकलं ते न कळून.

शेषराव धडपडत बाहेर आले. "काय झालं बे पोरी? कोणं मारलं?"

"कूलरले करंट हाय," सत्यभामाबाई म्हणाल्या.

शेषरावांनी सवयीने पत्र्यावर हात ठेवला. "काई नाई. अवं, तुह्या रगा—"

"माह्या रगा पिन काढल्यावर बऱ्या कशा झाल्या?"

शेषरावांनी पत्र्यावरचा हात काढला. बायकोने असं उलटून विचारल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

"बटण बंद केलं, पंखा थांबला, तरी लागत होतं. आता पिन काढली, आता लागत नाई. हे पंख्याचं हालणं नाई अन् माह्या हाताचंही नाई."

"लाव बरं पिन. मी पाह्यतो."

"लावणार नाई. हाताचं काम नाई ते. भागवतले बोलवा, टेस्टर घेऊन या म्हणा."

भागवत गावातला वायरमन, दोन गल्ल्या सोडून राहायचा. शेषराव टोपी घालून उन्हात निघाले आणि पंधरा मिनिटांत त्याला घेऊन आले. भागवतने आधी फरशी कोरडी करायला लावली, सगळ्यांना लांब उभं केलं, पिन बोर्डात बसवली आणि टेस्टर पत्र्याला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. कूलरचं बटण बंद होतं, तरी लागला. त्याने पिन काढून उलटी बसवली. दिवा विझला.

"दोन पायांची पिन हाय, काका. एका बाजूनं बसली तर बटण दाबल्यावर करंट तुटते. उलटी बसली तर पंखा बंद होते, पण करंट आत तसाच राह्यते." त्याने कूलरच्या बाजूची एक गवताची ताटी काढली आणि आत बोट दाखवलं. पाण्याच्या मोटारीची वायर पत्र्याच्या भोकातून जात होती. तिथे घासून घासून तिच्यावरचं प्लास्टिक गेलं होतं आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं. "अन् घराले अर्थिंगच नाई. करंट जाईन कुठी?"

"पण मले कदीच काऊन नाई लागला? म्या कितीदा हात लावला," शेषराव म्हणाले.

भागवतने त्यांच्या पायांकडे पाहिलं. तीस वर्षं बसमध्ये उभं राहून शेषरावांच्या टाचा दुखायच्या, म्हणून ते घरातही जाड रबरी चपला घालून फिरायचे.

"काकू अनवाणी फिरतात. कोरड्या फरशीवर त्याइले झिणझिणीवर निभावलं. ही पोरगी ओल्या पायानं, हातात पाण्याची नळी घेऊन..." तो ताटी परत लावायला लागला.

शेषराव खाटेवर जाऊन बसले. ओवी ओट्यावरून उतरून त्यांच्याजवळ आली, तेव्हा त्यांनी तिचे दोन्ही पाय मांडीवर घेतले आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. पाय केव्हाच सुकले होते.

चार वाजता योगिनीचा कॉल आला. सत्यभामाबाई आत चहा टाकत होत्या. शेषरावांनी कॉल घेतला आणि झालेलं सगळं पहिल्यापासून सांगितलं, काही न गाळता. शेवटी म्हणाले, "तुही आई म्हैनाभर सांगून राह्यली होती. म्याच ऐकलं नाई." दवाखान्यात उन्हाळ्यात कूलरचा करंट लागून आणलेली माणसं योगिनीने पाहिली होती. ती म्हणाली, "बाबा, आईले फोन द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत शेषरावांनी अंगणात स्वतः खड्डा खणला. भागवतने त्यात कोळसा, मीठ आणि धातूची पट्टी टाकून घराला अर्थिंग दिलं, मोटारीची वायर बदलली आणि कूलरला तीन पायांची पिन बसवली. योगिनीच्या आग्रहावरून सत्यभामाबाईंचं रक्तही तपासलं. त्यात बी-ट्वेल्व्ह खरोखर कमी निघालं. गोळ्या घ्याव्याच लागणार होत्या आणि त्या घेतही राहिल्या.

त्या आठवड्यात शेषराव भागवतला घेऊन गल्लीतल्या घरोघरी गेले. लोक म्हणायचे, आमच्या कूलरला काही नाही, आम्ही रोज हात लावतो. शेषराव म्हणायचे, "मीही लावत होतो." नऊ घरं झाली. कौशल्याबाईंच्या कूलरला टेस्टर लावला तेव्हा दिवा लागला. त्यांची सून म्हणाली, "मले कदी कदी लागते, पण म्या कोणाले सांगतलं नाई."

भागवतने पिन काढली आणि वायर बदलायला खाली बसला.